आमच्या नाल्याचं माहेर

यंदाच्या उन्हाळ्यात बाहेरगावी न जाता नागपुरातच, घराबाहेर आणि जवळजवळ फुकटात मजा करायची, असं श्वेतानं जाहीर केलं तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होतो. हातात पाण्याचा पाईप असलेल्या माणसानं बायकोच्या ठरावावर चर्चा करू नये. चर्चा करणारा हातवारे करतो आणि मग पाणी कुठं जाईल ते सांगता येत नाही. मी मान हलवली.

तसं तिचंही चुकत नव्हतं. आमची दीक्षा पुण्याला शिकायला गेल्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी टीव्हीसमोर असे बसायचो, जणू गाडी लेट आहे आणि घोषणा व्हायची आहे. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या हिशेब विभागात आहे. दिवसभर एसी, घरी आलो की कूलर. नागपूरच्या ज्या उन्हाची मी पुण्या-मुंबईच्या लोकांपुढे बढाई मारतो, त्या उन्हाची आणि माझी भेट फक्त पार्किंगपासून लिफ्टपर्यंत होते.

पहिल्या रविवारी आम्ही पहाटे बागेत गेलो. तिथल्या हास्य मंडळानं आम्हाला ओढून घेतलं. मला हसू येत नाही हे पाहून त्यांच्या प्रमुखांनी मला गोलाच्या मधोमध उभं केलं, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. ते व्यायाम म्हणून हसत होते असं श्वेता म्हणते. माझी अजून खात्री झालेली नाही. दुसऱ्या रविवारी तलावावर पक्षी बघायला गेलो. ज्या पांढऱ्या पक्ष्याचं मी दुर्बिणीतून बराच वेळ निरीक्षण केलं आणि शेजारच्या दोन अनोळखी गृहस्थांनाही मोठ्या मनानं दाखवलं, ती दुधाची पिशवी निघाली.

तिसऱ्या रविवारच्या वाट्याला नाला आला. त्याची कथा थोडी वेगळी आहे.

आमची सोसायटी कोराडी रोडच्या बाजूला. गच्चीवरून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक नाला जातो. त्याला नाव नाही. 'मागे टाकून ये' असं म्हटलं की जे ठिकाण समजायचं, ते तो. आणि आमच्याकडे पार्किंग नाही. माझी गाडी रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली उभी असते, आणि तिचा डावा आरसा कुठल्या ना कुठल्या ऑटोनं नेलेला असतो. म्हणून आमचे सेक्रेटरी देवरावजी यांनी युक्ती काढली, की नाल्यावर स्लॅब टाकायचा आणि वर गाड्या लावायच्या. देवरावजी एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. ते घरातही 'सदर भाजी' म्हणतात अशी वदंता आहे. त्यांनी अर्ज केला. सगळ्यांनी सह्या केल्या. मी तर पहिल्या पाचांत केली.

ज्या कार्यालयात अर्ज गेला त्याचं नाव मी घेत नाही, कारण अजून तिथे कामं आहेत. त्यांनी उलट पत्र पाठवलं. चौदा एप्रिलच्या तयारीच्या मीटिंगमध्ये देवरावजींनी ते उभं राहून वाचलं. "सदर नाल्यास उन्हाळ्यात पाणी असते किंवा कसे, असल्यास ते कोठून येते, याबाबत सोसायटीने प्रत्यक्ष पाहणी करून खुलासा सादर करावा."

"ते कूलरचं पाणी आहे," यमुताई म्हणाल्या. यमुताई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांना सगळ्यातलं माहीत असतं. "सगळ्याइचे कूलर गळतात ना, ते जमा होते."

"कूलर लागायच्या आधी बी होतं पाणी," कोणीतरी म्हणालं.

"मग कोराडीचं असन. चिमण्या धुतात ते."

देवरावजींचं मत, कुठलं तरी गटार फुटलं आहे. तसं सिद्ध झालं तर स्लॅबला हरकत राहणार नाही. पण सिद्ध करायला जाणार कोण? उन्हाच्या वेळी, नाल्यातून? सगळे आपापल्या मोबाईलमध्ये बघू लागले. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून श्वेताचा आवाज आला. "आम्ही पाहून येतो. नाही तरी येत्या रविवारी कुठं जाचं ते ठरलं नाही आमचं."

टाळ्या वाजल्या. मी उठून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

रविवारपर्यंत सल्ले येत राहिले. खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही. जोडे नको, चपला घाला. एकानं सांगितलं, चपला नको, जोडे घाला. यमुताईंनी खांद्याएवढी उंच वेळूची काठी आणून दिली, तिच्या टोकाला त्यांच्या जुन्या साडीचा लाल तुकडा बांधलेला. "कुत्र्याइले काठी," त्या म्हणाल्या, "आन लाल कपडा यासाठी का तुम्ही कुठं पडले-बिडले तं शोधणाऱ्याले दुरून दिसन." देवरावजींनी अधिकृतपणा यावा म्हणून पत्राची प्रत पारदर्शक फाईलमध्ये घालून दिली. मी हॅट घातली. श्वेतानं डब्यात सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, घेतली, बाटलीत पन्हं घेतलं आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला. सकाळी, ऊन अजून माणसात होतं तेव्हा, आम्ही मागच्या भिंतीच्या खिंडारातून नाल्याच्या काठावर उतरलो.

मी तो नाला पहिल्यांदाच नीट पाहिला. वास होता, तो नाकारत नाही. पण प्लास्टिकच्या पिशव्यांच्या आणि नारळाच्या करवंट्यांच्या मधून दोरीएवढं बारीक पाणी खरोखर वाहत होतं. साचलेलं नव्हतं, त्याला कुठंतरी जायचं होतं. श्वेता उकिडवी बसून पाहत राहिली. "मार्च सरला, अनंत," ती म्हणाली. "नळाले पाणी एक दिवसाआड येते. याले रोज कुठून येऊन राहिलं?"

हा प्रश्न पत्रातही होता, पण तो असा विचारलेला नव्हता. आम्ही प्रवाहाच्या उलट चालायला लागलो.

वास थोड्या वेळानं मागे राहिला. नाल्याच्या काठी बेशरमाची झुडपं, मग एक शेवटचा फुललेला पळस, त्याच्या फांदीवर निळा खंड्या. या वेळी मी आधी खात्री करून घेतली, की तो उडतो. मला बरं वाटायला लागलं होतं. अशा वेळी नेमकं काहीतरी घडतं.

पुढे वस्ती लागली. घरं नाल्याच्या अगदी काठापर्यंत आलेली. मी काठी टेकत, फाईल काखेत धरून पुढे झालो, तर नळावर भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या. एक माणूस आत गेला आणि खुर्ची घेऊन बाहेर आला. "बसा साहेब," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आमच्याकडून किती जाते?"

"काय किती जाते?"

"घर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हॅट, फाईल आणि लाल कापड लावलेली काठी. "नाही नाही," मी म्हणालो. "आम्ही फक्त नाला पाहून राहिलो."

"सगळे आधी नालाच पाहतात जी," तो म्हणाला.

पाचेक मिनिटांत गर्दी झाली. एकजण गुपचूप आपलं टिनाचं न्हाणीघर ओढत ओढत भिंतीच्या आत नेत होता. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, की शेजाऱ्याचं घर कशाला घेता, आमचंच पूर्ण घ्या, म्हणजे बदल्यात पक्कं भेटन. मी काठीचं लाल कापड सोडून खिशात टाकलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, "निशाण लपवलं, पाहा." मी जितकं नाही म्हणत होतो तितकी त्यांची खात्री वाढत होती. मोठा साहेब कधी खरं सांगत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझा हुद्दा प्रत्येक नकारासरशी वाढत होता. चहा आला. तो कडू लागला, साखर असूनही. कारण चहा देणारा माणूस कप देऊन दोन पावलं मागे सरला, आणि आयुष्यात मला कोणी घाबरलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. मला वाटायचं, कोणी घाबरलं तर मजा येत असेल.

शेवटी श्वेता बायांमध्ये जाऊन बसली. "बाई, आम्ही कोणी साहेब नाही. आमच्या घरामागून हेच पाणी जाते. ते कुठून येते ते पाहाले निघालो."

"काहून?" एका म्हातारीनं विचारलं.

"असंच. रविवार आहे म्हणून."

म्हातारीनं तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग हॅटकडे नीट पाहिलं. "खरं सांगून राहिली वं," ती इतरांना म्हणाली. "साहेब असता तं बायको गाडीत बसली असती." आणि हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. गर्दी पांगली. खुर्चीही गेली. त्या माणसानं चहाचा कप माझ्या हातातून घेतला, अर्धा असतानाच. मला एवढं हलकं आणि एवढं अपमानित एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

"वर मोठं गेट लागते," म्हातारीनं सांगितलं. "तिथून आमाले जाऊ देत नाही. तुमाले देतीन."

दिलं नाही. वस्तीच्या वर रिंग रोडचा पूल, आणि पुलापलीकडे भलंमोठं फाटक. आत नुसती मोकळी, सपाट केलेली जमीन, पांढऱ्या चुन्याच्या रेघा आणि एक कारंजं. फाटकावर पाटी होती, 'रिव्हर पॅराडाइज'. नाला त्या फाटकाच्या आतून येत होता. चौकीदार म्हणाला, लेटर पाहिजे. मी फाईल दिली. त्यानं पत्र सावकाश वाचलं. "यात पाण्याचं आहे," तो म्हणाला. "गेटचं कुठं आहे?"

मी पत्र उलटून मागची कोरी बाजू पाहिली. गेटचं देवरावजींनाही सुचलं नव्हतं.

तेवढ्यात पांढरी जीप येऊन थांबली. काळा चष्मा घातलेला एक हसरा तरुण उतरला. त्याचं नाव विक्की, प्लॉट विकणं हा त्याचा धंदा. "प्लॉट पाहाले आले का सर?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि श्वेता म्हणाली, "हो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईच्या अंगात हे गुण आहेत हे मला त्या फाटकाशी कळलं. फाटक उघडलं. विक्कीनं आम्हाला छत्रीखाली बसवलं, थंडगार लस्सी दिली आणि विचारलं, "मॅडम, रिव्हर टच पाहिजे का रिव्हर व्ह्यू?"

"नदी कुठं आहे?" मी विचारलं.

"ही काय सर." त्यानं आमच्या नाल्याकडे हात केला. नाल्याच्या दोन्ही काठांना गोटे लावले होते आणि त्यांना पांढरा रंग दिला होता. "बारमाही आहे. भर मे महिन्यात या, पाणी दिसलं नाही तर नाव बदलतो."

"नदीचं नाव काय?" श्वेतानं विचारलं.

"ते बुकिंगवाले ठरवतीन मॅडम. त्याइच्या पसंतीनं ठेवू."

म्हणजे आमच्याकडे गटार, वस्तीत घराची चिंता आणि इथे नदी. पाणी तेच. श्वेता तर आता खरंच प्लॉटच्या चुन्याच्या रेघेत उभी राहून स्वयंपाकघर कुठं येईल ते बघत होती. मी घाईनं विचारलं, की पाणी येतं कुठून.

विक्कीचा चेहरा प्रथमच पडला. "वर टेकडीच्या पायथ्याशी एका बाईचं वावर आहे, तिथून. प्रयागबाई. मी कितीक खेपा जाऊन आलो, जमीन देतच नाही. तुम्ही चालले तं पाहा समजावून. मोठ्या माणसाचं ऐकतीन."

लेआउटच्या पलीकडे माणसानं केलेलं संपलं. मोहाची झाडं लागली, खाली मोहफुलांचा सडा, गोड उग्र वास. नाला आता नितळ होता. तळाचे गोटे दिसत होते आणि पाण्यावर ते लांब पायवाले किडे धावत होते ज्यांना पाणी ओलं करत नाही. मी ते बघायला वाकलो आणि डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात गेला. पाय परत आला. चप्पल आली नाही. आम्ही काठीनं बरंच ढवळलं. चिखलानं दोन बुडबुडे सोडले आणि विषय संपवला.

अशा रीतीनं मी उगमाशी पोहोचलो तो एका पायात चप्पल, हातात काठी, आणि खिशातून लाल कापड लोंबतंय अशा अवस्थेत. सांबाराच्या वाफ्यात एक साठीची बाई पाणी मोडत होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि प्रश्न श्वेताला विचारला. "बाई, एक चप्पल घालून कुठं चालला हा माणूस?"

हीच प्रयागबाई. श्वेतानं सांगितलं, की आम्ही खालून आलो, पाण्याच्या मागं मागं.

प्रयागबाईनं हातातलं फावडं खाली ठेवलं. "खालून? म्हणजे कुठून?"

"कोराडी रोडवरून. आमच्या घरामागून जाते हे पाणी."

"तिथवर जाते?" ती म्हणाली. आणि मग तिनं आम्हाला खुणेनं मागोमाग बोलावलं.

टेकडीच्या पायथ्याशी एक जुनं उंबराचं झाड. त्याच्या मुळांच्या मधे परातीएवढा झिरा. वरून पाहिलं तर पाणी स्थिर, पण तळाशी बारीक रेती सारखी नाचत होती, उकळल्यासारखी. आवाज नाही. एक कण वर येई, फिरे, खाली बसे, दुसरा उठे. मी हिशेब विभागातला माणूस आहे. जिथून काही येतं तिथे आधी काहीतरी जमा असावं लागतं, एवढं मला कळतं. इथे काहीच जमा दिसत नव्हतं आणि खर्च चालू होता. मी किती वेळ बघत बसलो ते मला सांगता येणार नाही. श्वेतानं ओंजळीनं पाणी घेतलं. मीही प्यालो. दीक्षाला मी बाहेरचं पाणी पिऊ देत नाही.

उंबराखाली आम्ही डबा उघडला. प्रयागबाईनं कांदा, ज्वारीची भाकर आणि ठेचा आणला. माझ्या खिशातला कांदाही बाहेर काढायला लावला, फुकट घामट झाला म्हणून. तिचं माहेर पारशिवनीकडचं. लग्न होऊन या वावरात आली तेव्हापासून तिला एकच कोडं होतं. "पाणी जाते ते दिसते," ती म्हणाली. "पण जाते कुठं? आमचे हे म्हणत, का नागपूरच्या लोकाइले पेवाले जाते. मले वाटे, आपल्या वावरातलं पाणी शहर पेते. बरं वाटे. मंग हे वारले. मी काई गेलो नाही पाहाले. काय करते ते तिकडं?"

मी श्वेताकडे पाहिलं. श्वेतानं भाकरीकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिचं त्या दिवसाचं काम फाटकापाशीच संपलं होतं. "त्याच्यावर स्लॅब टाकाचं म्हणतात, बाई. झाकून वर गाड्या ठेवाच्या."

"झाकाचं काहून?" प्रयागबाई म्हणाली. "पळून जाते का ते?"

मी ठेचा खात होतो. डोळ्यांत पाणी यायला ते कारण पुरेसं होतं.

निघताना श्वेता म्हणाली, "तुम्हीच या ना पाहाले. पुढच्या रविवारी." आणि प्रयागबाई एका क्षणात म्हणाली, "येतो."

घरी येऊन मी देवरावजींना सांगितलं, की उगम सापडला आणि पुढच्या रविवारी तो आपल्याकडे येणार आहे. बातमी जिन्यातून खाली जाईपर्यंत सोसायटीत मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धांदल सुरू झाली. नाला कोणाच्या दृष्टीस पडणार, ही कल्पनाच आजवर कोणी केली नव्हती. "ती बाई म्हणन, माह्या पाण्याची काय दशा केली," यमुताई म्हणाल्या आणि स्वतः पदर खोचून उतरल्या. देवरावजींनी नियमाप्रमाणे कार्यालयात फोन केला. तिकडून सांगण्यात आलं, की नाला शासनाचा असल्यानं विनापरवानगी साफ करता येणार नाही. त्यात कचरा टाकायची परवानगी आजवर कोणी मागितली नव्हती, हे देवरावजींच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला आणि घमेलं उचललं.

नाल्यातून आमच्याच घरातल्या वस्तू निघाल्या. कूलरची जुनी जाळी, प्लास्टिकची तुटकी खुर्ची, एक कुकरचं झाकण जे यमुताईंनी ओळखलं आणि मग ओळखत नाही असं म्हणाल्या. शनिवार संध्याकाळपर्यंत पाणी मोकळं झालं. आणि मोकळं झाल्यावर त्याला आवाज आला. बारीक, खळखळ असा. लोक गॅलऱ्यांमध्ये येऊन ऐकत उभे राहिले.

रविवारी प्रयागबाई आली ती विक्कीच्या जीपमधून. विक्कीला तिची जमीन हवी होती, म्हणून तो तिला कुठंही न्यायला तयार होता, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. मला पाहून विक्कीनं चष्मा काढला. "सर, तुम्ही इथं राहता?" माझी मान खाली गेली. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो भिंतीपलीकडे बघत होता. "हे तं डायरेक्ट रिव्हर टच आहे. तुम्ही प्लॉट कायले पाहाले आले होते?" मग देवरावजींकडे वळून, "काका, इथं काय भाव चालू आहे?"

त्या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या पंचवीस भाषणांनी झालं नसतं. पहिल्या मजल्यावरचे दोघं, जे स्लॅबसाठी सगळ्यांत आग्रही होते, ते आपल्या मागच्या खिडकीकडे नव्या नजरेनं बघू लागले.

प्रयागबाई नाल्याकाठी उभी राहिली. पाण्यात हात घातला, वास घेतला. मग म्हणाली, "वरून दिसते का?" लिफ्ट बंद होती. ती जिन्यानं चढली, मागे आम्ही सगळे. चौथ्या मजल्यावर देवरावजी कठड्याला धरून थांबले तेव्हा ती गच्चीवर पोहोचली होती.

तिथून दिसलं. पिवळ्या, कोरड्या लेआउटमधून, टिनांच्या आणि टाक्यांच्या मधून एक हिरवी रेघ वळणं घेत आमच्याकडे येत होती. तिच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीखाली, गर्द हिरवा ठिपका. "तो माहा उंबर," प्रयागबाई म्हणाली. जे शोधताना मी एक चप्पल आणि बरीचशी अब्रू घालवली, ते आमच्या गच्चीवरून दिसत होतं. याच गच्चीवर आम्ही दर उन्हाळ्यात पापड वाळवतो.

मग ती वळली आणि दुसऱ्या बाजूला पाहू लागली. रेघ आमच्या भिंतीपासून पुढे घरांमागं गेली होती, रेल्वेच्या बांधापर्यंत. त्यापलीकडे दिसत नव्हतं. "आन तिथून कुठं जाते?"

कोणाला ठाऊक नव्हतं. यमुताईंनासुद्धा. देवरावजी घाम पुसत म्हणाले, "ताई, आमचा पार्किंगचा प्रश्न आहे, त्यामुळे सदर नाला..." आणि अडखळले. प्रयागबाईनं कठड्यावरून खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. "एवढ्या गाड्या हायत," ती म्हणाली, "तरी कोणी जाऊन नाही पाह्यलं?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

खुलासा मी लिहिला. पाणी असते. बारमाही असते. प्रयागबाईंच्या वावरातल्या उंबराखालून येते, आम्ही पाहून आलो. देवरावजींनी त्यात दोन 'सदर' घातले आणि सही केली. मला वाटलं, संपलं. पण कार्यालयातून फोन आला, की प्रवाह बंदिस्त करायचा झाल्यास उगमाच्या जमीनमालकाचं ना हरकत पत्र जोडावं. अर्ज अजून जिवंत होता. देवरावजींना काम अर्धवट सोडायची सवय नाही. मनात काय आहे ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. टाईप केलेला मजकूर, पेन, शाईचा पॅड आणि संत्रा बर्फीचा डबा घेऊन ते सकाळी ऑटोनं एकटेच टेकडीकडे गेले.

दुपार झाली, आले नाहीत. यमुताईंना काळजी वाटायला लागली, की काठी दिली नव्हती. ऊन उतरल्यावर ते फाटकातून आत आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात वांग्यांची पिशवी, कपाळाला चिखलाचा एक पट्टा. मी खालीच होतो. गाडीवरची कडुनिंबाची फुलं झाडत होतो.

"जय भीम," मी म्हणालो. "झाली का सही?"

देवरावजी माझ्याजवळ थांबले. काहीतरी आठवत असल्यासारखे. "अनंतराव, त्या झिऱ्याच्या तळाशी रेती नाचते, ती पाहिली का तुम्ही?"

"पाहिली ना."

"एक कण होता. पांढरा. सारखा वर येऊन राहिला होता." त्यांनी बोटानं हवेत तो कण वर नेऊन दाखवला आणि खाली आणला. "मी त्यालेच पाहत होतो. मग बाईनं जेवू घातलं. मग परत पाहाले बसलो."

"आणि सही?"

त्यांनी वांग्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"विसरलो," ते म्हणाले, आणि जिन्याकडे निघून गेले.